पिढीजात म्हणजे किती पिढ्यांचे?

सुगी उरकून खळी मोकळी झाली, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत हेळवी येतो. सीमेपलीकडच्या कानडी मुलखाशी नाते सांगणारा, सोबत नंदीबैल आणि पडशीत जुन्या चोपड्या बाळगणारा हा वंशकथक दारात उभा राहिला, की घरातली वडीलधारी माणसे ओसरीवर जमतात, घोंगडे अंथरले जाते, आणि मग तो त्या घराण्याचे कूळ, देवक, मूळगाव आणि एकामागून एक पिढ्यांतील पुरुषांची नावे अशा ओघाने सांगू लागतो, की ऐकणाऱ्याला आपण बसलो आहोत त्या भुईखालून गेलेले जुने मूळ जणू डोळ्यांनी दिसावे. कोणता पुरुष कोणत्या गावाहून कोठे वस्तीस गेला, कोणाला किती मुलगे झाले, कोणाचा वंश खुंटला, कोणाला वतन मिळाले, हे त्याच्या संग्रही असते. परंतु ज्यांना वतन मिळाले नाही आणि ज्यांनी तलवारही गाजवली नाही, त्या मधल्या असंख्य पुरुषांनी आपल्या लेकराबाळांचे पोट कोणत्या कामावर भरले, असे विचारले तर चोपडी बहुधा मुकी होते. घरातील वृद्ध मात्र तत्काळ उत्तर देतात, ‘आमचा धंदा पिढीजात शेतीचा,’ किंवा ‘आम्ही पिढीजात सुतार.’

या ‘पिढीजात’ शब्दाविषयी मला काही सांगावयाचे आहे. आपण तो इतक्या खात्रीने उच्चारतो, की सृष्टीच्या आरंभी कोणी तरी आपल्या आद्य पुरुषाच्या हाती नांगर, वाकस किंवा लेखणी दिली आणि ती हातोहात आपल्यापर्यंत आली, असा त्याचा ध्वनी निघावा. पण घराण्याचा इतिहास ऐकीव गोष्टींवर न सोडता जो कोणी कागदपत्रांच्या आधारे शोधू लागतो, त्याला पुष्कळदा निराळाच अनुभव येतो. पिढीजात म्हणून सांगितलेला धंदा आजोबा-पणजोबांपाशी येऊन थांबतो आणि त्यापलीकडे एखादा शिलेदार, एखादा गडावरचा पहारेकरी, एखादा बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारा, किंवा ज्याचे नावही घरात कोणी घेत नाही असा एखादा कर्जबाजारी कूळवाडी उभा असतो. धंदा वारशाने येतो हे खरे. परंतु तो एकटा येत नाही, आपल्या धन्यासह, जमिनीसह आणि हत्यारासह येतो. यांपैकी एकाचा जरी पाया ढळला तरी धंदा बदलतो, आणि पुढच्या पिढीकडे जाते ते केवळ हाताला लागलेले वळण. कोल्हापूरच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात याचे दाखले इतके आहेत, की त्यांचा क्रम लावून पाहणे उद्बोधक ठरावे.

शोधाचा आरंभ बहुतेकजण आडनावापासून करतात, आणि ते योग्यही आहे. हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस ही आज साध्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या दारावरच्या पाटीवर दिसणारी नावे मुळात किल्ल्यावरील हुद्द्यांची आहेत: हवालदाराकडे गडाच्या किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी, कारखानिसाकडे धान्य व दारूगोळ्याचा साठा. पोतदार म्हणजे नाणे खरे की खोटे हे पारखणारा, शिकलगार म्हणजे तलवारीला पाणी देणारा आणि धार लावणारा, पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. परंतु आडनाव हे वाहत्या प्रवाहाचे चित्र नसून त्यातील एका क्षणाचा ठसा आहे, हे संशोधकाने विसरू नये. कोणा एका पूर्वजाच्या काळी, सरकारी कागदात किंवा शाळेच्या पटावर नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा जो हुद्दा किंवा जो धंदा चालू होता, तो नावाला चिकटला आणि पुढे माणूस बदलला तरी नाव बदलले नाही. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली तेव्हा तिच्या पाच भागीदारांत सीताराम कुलकर्णी हे एक होते. आडनाव गावच्या दप्तरदाराचे, व्यवसाय जडजवाहिराचा, आणि भांडवल घातले ते चित्रपटात. एकाच माणसाच्या ठायी तीन धंद्यांचे असे थर दिसतात, तेव्हा आडनावावरून कुळाचा व्यवसाय ठरविण्याची घाई किती धोक्याची असते, ते ध्यानी येते.

आडनावाच्या पुढे जावयाचे तर दप्तर उघडावे लागते. इंग्लंडातील संशोधकाचे काम या बाबतीत पुष्कळ सुकर आहे. तेथे १८१३ पासून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बापाचा धंदा लिहिण्याचा रकाना आला आणि १८४१ पासूनच्या खानेसुमारीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय मिळतो, त्यामुळे दर दहा वर्षांनी एक याप्रमाणे एका कुटुंबाची वाटचाल जवळजवळ पावलापावलाने मोजता येते. आपल्याकडील जनगणना आपल्याला आकडे देते, नावे देत नाही. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा आहे. त्यात कोणती जात कोणता धंदा करी याची सविस्तर वर्णने आहेत, परंतु ती जातीची वर्णने होत, तुमच्या-माझ्या पणजोबांची नव्हेत. म्हणून आपल्याला व्यक्तीचा माग काढावयाचा तो जमिनीच्या, वतनाच्या, जन्ममृत्यूच्या आणि शाळेच्या नोंदींतून.

या नोंदी विपुल आहेत, मात्र त्या विखुरलेल्या आहेत. गावच्या चावडीतील फेरफाराची वही हा त्यांतील सर्वांत बोलका कागद. सातबारा जमीन आज कोणाची ते सांगतो. ती कशी आली आणि कशी गेली, ते फेरफार सांगतो. वारसाने, खरेदीने, गहाणाने किंवा कूळ म्हणून, अशी कारणाची नोंद जेथे सापडते, तेथे पुष्कळदा घराण्याने वळण घेतलेली जागाही सापडते. १९४८ च्या कूळकायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाच्या नोंदींत तर एकाच ओळीत दोन कुटुंबांचे भवितव्य वाचावयास मिळते: कसणारे कूळ मालक झाले, आणि ज्याचे नाव कमी झाले त्या घरातील मुलगा नोकरीच्या शोधात शहराकडे निघाला. गाव नमुना नंबर चौदा म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती नात्यांची गाठ घालून देते. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर जन्मस्थळ आणि पालक सांगते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज कोणत्या साली, कोणाकोणासह आणि कोणत्या गावाहून यात्रेस आला ते लिहिलेले असते. आणि त्याही मागे गेले, की रुमालांत बांधलेले मोडी कागद येतात. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानचे, तर पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे असे अगणित रुमाल आहेत, आणि मोडी वाचणारा डोळा मिळाला तरच ते आपले अंतरंग प्रकट करतात. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा असंख्य घरांनी प्रथमच हे कागद डोळ्यांनी पाहिले. त्या शोधाचे प्रयोजन आरक्षणाचे होते आणि तो विषय स्वतंत्र आहे. परंतु आपल्या खापरपणजोबांचे नाव एका जुन्या सरकारी वहीत आहे, या जाणिवेने कित्येकांच्या मनात जी उत्कंठा उत्पन्न झाली, ती दाखल्यापुरती राहू नये असे मला वाटते.

कागद हाती आले, की पूर्वजांनी धंदे का बदलले याची कारणे उलगडू लागतात, आणि त्यांतील पहिले कारण म्हणजे राज्यच बदलले हे होय. १८४४ चे गडकऱ्यांचे बंड हा कोल्हापूरच्या इतिहासातील याचा ठळक प्रसंग. सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणारी गडकरी कुटुंबे होती. पगाराऐवजी त्यांच्याकडे गडाखालच्या जमिनी असत, आणि जमीन व चाकरी या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकच होत्या. इंग्रजांच्या पाठिंब्याने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडितांनी कारभाराची नवी घडी बसविताना या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे देण्याचे ठरविले, तेव्हा गडकऱ्यांना आपली जमीन तर जाणारच, पण तिच्यासवे आपले गडकरीपणही जाणार, हे उमगले, आणि सामानगडाचे दरवाजे बंद झाले. बंड वर्षअखेरपर्यंत मोडले गेले, किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, वंशपरंपरेची शिबंदी बरखास्त झाली. ज्या माणसांच्या बापजाद्यांनी बुरुजावरून रात्री जागविल्या, त्यांची मुले एका पिढीच्या आत पायथ्याच्या वावरात नाचणी आणि भात पिकवू लागली. त्यांची नातवंडे आपण पिढीजात शेतकरी आहोत असे सांगू लागली असतील, तर त्यांत असत्य काहीच नाही. फक्त ती पिढी कोठून मोजावयाची, एवढाच प्रश्न आहे.

असाच दुसरा प्रसंग शंभर वर्षांनी आला, आणि तो रक्त न सांडता आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने तो दिवस आनंदाचा. परंतु ज्यांच्या कसबाला दरबारावाचून दुसरे गिऱ्हाईकच नव्हते, त्या भालदार-चोपदारांच्या, माहुतांच्या आणि चित्तेवानांच्या घरी त्या दिवसानंतर काय घडले असेल, याचा विचार क्वचित कोणी करतो. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. त्यांना माणसाळविणारे चित्तेवान डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत आणि नेमक्या क्षणी पट्टी काढून त्याला सोडत. ही विद्या शाळेत मिळणारी नव्हती, बापाच्या मांडीवर बसूनच ती यावयाची. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. अवघ्या तीन वर्षांत धनी गेला आणि जनावरही गेले. मग चित्तेवानाच्या मुलाने बापाचे कसब कोणाच्या भरवशावर उचलावयाचे होते?

दुसरे कारण याहून गंभीर आहे, कारण त्यात बदल लादला गेला नाही, तर बदलण्याचा अधिकारच नाकारला गेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथाने बलुतेदारीची रचना मराठी वाचकापुढे उघडी करून ठेवली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी इत्यादींनी गावाची कामे करावयाची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था. बलुत्यांची यादी गावोगाव थोडी बदले, तत्त्व तेच राही. सुताराच्या मुलाने शेती केली तर गाव फार तर नवल करी. पण महाराने वेसकरकी, सांगावे पोचविणे, सरकारी वेठ नाकारली, तर त्याची वतनी जमीन, भाकरी आणि गावातला आसरा सारेच धोक्यात येई. म्हणून दलित कुटुंबांच्या इतिहासात धंदा बदलल्याची पहिली नोंद पुष्कळदा गावाबाहेरच्या दप्तरात, पलटणीत, गिरणीत किंवा रेल्वेत सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले. गावगाड्यातून बाहेर पडण्याची ती वाट पलटणीच्या दारातून गेली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला या देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार उभा होता.

कोल्हापुरात ही वाट गावातच खुली करण्याचा निश्चय राजर्षी शाहू महाराजांनी केला. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि १९१८ मध्ये महार वतन खालसा करून जमिनी त्या त्या कुटुंबांच्या नावे रयताव्याने लावून दिल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही रद्द होऊन पगारी तलाठी आले. एकाच वर्षाच्या या दोन हुकुमांनी गावगाड्याची दोन टोके हलली, हे लक्षात घेण्यासारखे आहे: एका टोकाला वेठीचे ओझे उतरले, दुसऱ्या टोकाला लेखणीची मिरास गेली, आणि दोन्ही घरांतील मुलांना आता आपण काय करावयाचे, हा प्रश्न जन्माने न सुटता निवडीने सोडवावा लागला. मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविषयी विधेयक मांडले ते १९२८ साली, आणि मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. या तारखा शेजारी ठेवल्या, की करवीरचा १९१८ चा हुकूम काळाच्या किती पुढे होता ते कळते.

हुकूम कागदावर असतो, त्याचा अर्थ माणसाच्या आयुष्यात दिसतो. सरकारी पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना, सवर्णांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी घेतले म्हणून, महाराजांच्या गैरहजेरीत मारहाण झाली. परत आल्यावर महाराजांनी अपराध्यांना शासन तर केलेच, परंतु गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल उभे राहिले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा गावाचा प्रश्न होता. महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापाशी थांबवून, स्वतः चहा घेऊन आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावयास लावून, त्या प्रश्नाचे उत्तर दिले. व्यवसायांतराच्या इतिहासात या चहाच्या कपाचे मोल मोठे आहे. भांडवल, जागा आणि कौशल्य या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरी समाजाने गिऱ्हाईक होण्यास नकार दिला तर धंदा बदलता येत नाही, हे महाराजांनी जाणले होते; म्हणून ते केवळ आज्ञा देऊन थांबले नाहीत, स्वतः गिऱ्हाईक झाले. दलितांना वकिलीच्या सनदा देणे, माहूत आणि कोचमन म्हणून आपल्या स्वारीत घेणे, हीही त्याच जाणिवेची अंगे होत.

तिसरे कारण मात्र प्रसन्न करणारे आहे: हातातली कला जुन्या धंद्यात मावेनाशी होणे. चित्रकार अबालाल रहिमान यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजविण्याची परंपरा होती. त्यातून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोचले आणि पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. पानाच्या कडेची वेलबुट्टी काढण्यात मुरलेला हात जलरंगात कोटितीर्थाच्या परिसराचा प्रकाश टिपू लागला. त्याहून विलक्षण कथा मेस्त्री घराण्याची. कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम आणि लोहारकाम जाणणारे, आणि तेवढ्यावर न थांबता चित्र, शिल्प, हस्तिदंतावरील कोरीवकाम असे नाना प्रकार हाताळणारे कारागीर. त्यांचे पुत्र बाबुराव १८९० साली जन्मले. बाबुराव आणि त्यांचे चुलत बंधू आनंदराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात असे नाव कमावले, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून दोघेही ‘पेंटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आडनाव कसे बदलते आणि का बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणखी दोनशे वर्षांनी एखादा वंशज केवळ नावावरून संशोधन करू लागला, तर पेंटरांच्या मागे उभे असलेले लोहार-सुतार त्याला दिसणारही नाहीत.

पडदा रंगविणाऱ्या या भावांना हलत्या चित्राचा ध्यास लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचे मनात घेतले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले; बाबुरावांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापली आणि विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. १९२० च्या ‘सैरंध्री’ने त्यांना लोकमान्य टिळकांकडून ‘सिनेमा केसरी’ ही पदवी मिळवून दिली. येथे आपण क्षणभर थांबून विचार करावा. दात्यांची चक्रे, अचूक फिरणारा दांडा, प्रकाश आत न येऊ देणारी लाकडी पेटी, हे सारे चित्रकाराच्या कुंचल्यातून येणारे नव्हते. ते लोखंड आणि लाकूड जाणणाऱ्या घराकडून आले होते. धंदा पालटला होता, आडनाव पालटले होते, परंतु कृष्णराव मेस्त्र्यांच्या घरातले हत्यार त्या कॅमेऱ्यात बसून फिरत होते. आणि याच बाबुरावांनी १९२५ मध्ये ना. ह. आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, त्याचा विषय काय होता? सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावलेला आणि शहरातील गिरणीत मजूर झालेला शेतकरी. म्हणजे पुन्हा, धंदा बदलावा लागलेला एक पूर्वज. अनेक घरांतून जी गोष्ट लाजेने सांगितली जात नाही, ती त्यांनी भर पडद्यावर सांगितली.

या गोष्टीत एका स्त्रीचेही नाव आहे, आणि ते मुद्दाम घेतले पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. घराण्याच्या इतिहासात स्त्रियांचा व्यवसाय हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. हेळव्याच्या चोपडीत पुरुषांची साखळी, सातबाऱ्यावर बहुधा पुरुषांची नावे, आणि आजीच्या नावापुढे लिहिलेच तर ‘घरकाम.’ वास्तविक याच आज्या सुइणी होत्या, गुऱ्हाळावर राबत होत्या, दूध आणि भाजीपाला घेऊन शहराच्या मंडईत बसत होत्या, खानावळी चालवीत होत्या. आणि पुरुषाचा धंदा बुडाला तेव्हा नवा धंदा उभा राहीपर्यंतची वर्षे पुष्कळदा त्यांच्याच कमाईवर निघाली. त्यांचा इतिहास कागदात नाही. तो आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि म्हणून तो आधी लिहून घेतला पाहिजे.

चौथे कारण यंत्राचे आणि बाजाराचे. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला, १८९५ पासून शाहूपुरीची पेठ गुळाच्या व्यापारासाठी वसू लागली, १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. तिकडे इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. बैलांच्या तांड्यावर घाट चढून येणाऱ्या मिठाला आगगाडीचा डबा मिळाला आणि तांडेवाल्यांचा फेरा संपला. उलट गुळाची पेठ वाढली तसा काहिलीतला रस नेमका कोणत्या उकळीला उतरवावा हे जाणणाऱ्या गुळव्याला मान आला. हुपरी गावाने चांदीकाम पत्करले ते सोनारांपुरते राहिले नाही, इतर समाजांची घरेच्या घरे त्या कामात शिरली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळा आणि ऑइल इंजिनांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा लोखंड ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी साचा घडवावा लागतो, या एका गरजेने सुताराला कारखान्यात स्थान दिले. बलुत्यात नांगर घडविणाऱ्याचा नातू पॅटर्नमेकर झाला. नव्या नावाच्या धंद्यात जुन्या रंध्याची सवय होती.

हाच क्रम समुद्रापलीकडेही दिसतो. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गिरमिट्ये म्हणून गेलेल्या मराठी माणसांची नोंद तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहे. नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि जहाज अशा त्या नोंदींवरून आज तेथील शिक्षक आणि अधिकारी आपल्या कोकणातल्या वा घाटावरच्या गावाचा शोध घेत येतात. ऊसतोडणीपासून अध्यापनापर्यंतचा त्यांचा प्रवास त्यांनी लपविला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे मात्र वंशावळ लिहिताना सरदार पुढे येतो आणि हमाल मागे राहतो. शिलेदाराचा एक मोडी कागद सापडला तर तो चौकटीत बसविला जातो; गहाणखत सापडले तर ते पुन्हा रुमालात बांधले जाते. खरे पाहता आपले आजचे अस्तित्व त्या गहाणखतानंतर खचून न जाता दुसरे काम शोधणाऱ्या माणसाचे ऋण आहे. जमीन गेल्यावर ज्याने गिरणीचा भोंगा ऐकून उठण्याची सवय केली, गड पडल्यावर ज्याने वयाच्या चाळिशीत नांगर धरला, त्याचे धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून कमी नव्हते.

म्हणून शोध करणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत असे सुचवितो. प्रत्येक पूर्वजाच्या नावापुढे केवळ जन्म-मृत्यू न लिहिता, कोणत्या साली, कोणत्या कागदात, त्याचे कोणते काम नोंदले आहे ते लिहावे, आणि दोन नोंदींत फरक दिसला तर चूक समजून खोडू नये. तेथे त्या माणसाच्या आयुष्याची उलथापालथ दडलेली असू शकते. आणि जे सापडेल ते लाज किंवा अभिमान मनात न आणता पुढच्या पिढीला सांगावे, कारण आपले आजचे धंदेही टिकणारे नाहीत, आणि ते बदलताना आपल्या मुलांना पूर्वजांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्या स्थित्यंतरांचा आधार अधिक वाटेल.

पुढच्या सुगीत हेळवी दारी येईल, तेव्हा प्रथेप्रमाणे तो घरात नव्याने जन्मलेल्यांची नावे विचारील. ती सांगाच, पण त्याला आणखी थोडा वेळ बसवून घ्या. आजोबा शाहू मिलमध्ये साच्यावर होते, आजी मंडईत बसत होती, वडिलांनी शेत विकून लेथ घेतला, मुलगी परगावी संगणकावर काम करते, हेही त्याला लिहून घ्यावयास सांगा. चोपडीतल्या नावांच्या साखळीला कामाची जोड मिळाली, तर आणखी शंभर वर्षांनी ओसरीवर बसून ऐकणाऱ्या मुलाला आपण कोणाचे, एवढेच नव्हे, तर ती माणसे कशी जगली, हेही कळेल.